लिहील त्याने करू नये

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांना तर विशेष अगत्याने, कळवण्यात येते की जगातल्या यच्चयावत संकटांचं मूळ कारण सापडलेलं आहे. ते रत्नागिरीत सापडलं. शोधून काढणारे गृहस्थ माझ्या बायकोचे धाकटे बंधू असून कारण असं आहे की जगात लिहिणारा आणि करणारा एकच असतो. या दोघांना वेगळं केलं की लढाया थांबतील, नवे पूल पहिल्याच पावसात वाहून जायचे थांबतील आणि नारळाच्या वड्या दर वेळी खुटखुटीत होतील. हे वाचून आपण खुर्चीत सावरून बसला नसाल तर दोष माझ्या सांगण्याचा आहे. मेहुणा स्वतः हे सांगतो तेव्हा ऐकणारा हातातला कप खाली ठेवतो. मीही ठेवला होता. चहा निवला, त्यावर साय धरली, ती मी बोटाने काढून टाकली, तरी मेहुण्याचं प्रास्ताविकच चाललं होतं.

माणूस पंचेचाळिशीचा, सडपातळ, अविवाहित आणि कमालीचा सज्जन. आमच्या आळीच्या टोकाला जांभ्याच्या गडग्याआड सासऱ्यांचं घर आहे, मागे आठ-दहा हापूसची कलमं. पुण्यातली नोकरी सोडून तो तिथे परत आला तेव्हा आळीने त्याला आधी नापास, मग आजारी आणि शेवटी हुशार ठरवलं. त्याच्या खिशाला पेन असलं तर कागद नसतो आणि कागद असला तर पेन नसतं. हा विसरभोळेपणा नव्हे, ते धोरण आहे. एकाच माणसाजवळ दोन्ही असणं त्याला धोक्याचं वाटतं. बँकेत स्लिप भरायची झाली तर तो रांगेतल्या अनोळखी माणसाकडे पेन मागतो, आणि देणाऱ्याला वाटतं, एवढा शिकलेला माणूस, पेनसुद्धा बाळगत नाही.

काम तो कर्नेलवर करतो. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या यंत्रणेचा गाभा, कोणत्या प्रोग्रामला काय करू द्यायचं हे ठरवणारा. मला कळलं ते असं. कॉम्प्युटरची स्मृती म्हणजे वहीची पानं. काही पानं लिहायची असतात: आपलं पत्र, आपला फोटो, कोणाला तरी नातू झाल्याचा निरोप. काही पानांवर हुकूम असतात आणि यंत्र ते डोळे मिटून पाळतं. गोम अशी की यंत्राला अक्षर ओळखता येतं, हेतू ओळखता येत नाही. भामटा निरोपाच्या पानावर गुपचूप हुकूम लिहून ठेवतो, यंत्राचं बोट धरून त्याला त्या पानाशी नेतो, आणि यंत्र बिचारं पाळत सुटतं. म्हणून मेहुण्याचा कायदा: ज्या प्रोग्रामला एखाद्या पानावर लिहिता येईल त्याला ते पाळता येणार नाही, ज्याला ते पाळता येईल त्याला त्यावर लिहिता येणार नाही, आणि त्याच्यासाठी हुकमाचं झालेलं पान पुन्हा लिहायचं होणार नाही. मोडेल त्या प्रोग्रामला कर्नेल जागच्या जागी आडवा करील. कल्पना आपली नाही, जगभरचे लोक ती वर्षानुवर्षं राबवतात, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. त्याचं म्हणणं एवढंच की सगळे जण थोडे अपवाद ठेवतात आणि भामटे नेमके अपवादातून येतात. अपवाद नसलेला कायदा करायचा त्याने चंग बांधला होता.

आता असा कायदा कॉम्प्युटरपुरता ठेवला असता तर आमचं काही म्हणणं नव्हतं. पण मेहुण्याच्या मनात कप्पे नाहीत. एका रविवारी आम्ही दोघं मिरकरवाड्याला मासे आणायला गेलो. यादी माझ्या बायकोने लिहिलेली होती आणि तीत बांगडे होते. बंदरावर त्या दिवशी औषधाला बांगडा नव्हता. होती ती सुरमई, इतकी ताजी की तिच्या डोळ्यात मला माझा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा भुकेला होता. मी यादीवर 'बांगडे' खोडून 'सुरमई' करायला निघालो तर मेहुण्याने माझं मनगट धरलं. बाजारात उभ्या असलेल्या माणसाने यादीत लिहायचं नसतं, म्हणाला. लिहिणारी घरी आहे, आपण फक्त पाळणारे. बायकोला फोन करावा तर तिचा फोन लागेना. मासेवाली बाई हे सगळं कमरेवर हात ठेवून पाहत होती. शेवटी म्हणाली, "मग ती यादीच तळा आणि खा." आम्ही घरी येऊन कुळथाची पिठी खाल्ली. बायको मला बोलली, भावाला नाही.

दुसरा प्रसंग माझ्या अधिक जिव्हारी लागलेला. मी हौशी रंगभूमीवरचा नट आहे, आणि लेखकाने लिहून दिलेलं वाक्य मला रंगमंचावर गेल्यावर नेहमी थोडं तोकडं वाटतं. मग मी पदरचं घालतो. प्रेक्षक हसतात, सहकलाकार गोंधळतात, प्रयोग दहा मिनिटं लांबतो, आणि मी स्वतःला थोर समजत घरी जातो. एका वर्षी प्रॉम्प्टर आजारी पडला म्हणून मी मेहुण्याला विंगेत बसवलं. दुसऱ्या अंकात मी पदरचं वाक्य टाकलं, टाळी आली, आणि टाळी विरायच्या आत विंगेतून मूळ वाक्य स्वच्छ ऐकू आलं. मी दुर्लक्ष केलं. ते पुन्हा आलं, थोडं मोठ्याने. मी आणखी एक पदरचं टाकलं. तेव्हा आतून त्याने मूळ वाक्य अशा ठणठणीत आवाजात म्हटलं की मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी त्यालाच टाळी दिली. मध्यंतरात मी भडकलो तर तो शांतपणे म्हणाला, "भावोजी, चालू प्रयोगात संहिता लिहायची नसते. आज तुम्ही विनोद लिहिलात, उद्या दुसरा कोणी खून लिहील." आमचं नाटक कौटुंबिक होतं. त्यात खून व्हायला तिसऱ्या अंकातही वाव नव्हता.

हा अविश्वास त्याच्यात कुठून आला याचा शोध घेतला तर पाऊल थेट त्याच्या वडिलांच्या खोलीत पडतं. माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणतो, गणिताचे शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. दहावीच्या सराव परीक्षेत त्यांनी पोटच्या मुलाचा अर्धा गुण कापला, कारण उत्तराखाली रेघ नव्हती. मुलगा ते विसरला नाही आणि वडिलांना त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नाही. त्यानंतर तीस वर्षं दोघांचं बोलणं मुख्यतः माझ्या बायकोमार्फत चाललं. "अगो, त्याला सांग, पाणी आलंय." "ताई, आप्पांना सांग, मी मोटार लावलीय." तो पुण्याहून परतल्यावर तर दोघं एकाच घरात, मध्ये एक भिंत, आणि निरोप आमच्या घरावरून जाणार.

आप्पांची नजर काचबिंदूने गेली. पाच-सहा वर्षांत हळूहळू, आधी पेपरातल्या बातम्या, मग मथळे, मग पेपर. त्यांचा एक जुना विद्यार्थी, राजापूरचा, पूर्वी कॉम्प्युटरमध्ये होता. त्याने मराठी वाचून दाखवणारा एक प्रोग्राम केला होता, तो त्याने सरांच्या कॉम्प्युटरवर घालून दिला. पुढे तो विद्यार्थी काजूच्या धंद्यात पडला आणि प्रोग्रामचं मूळ लिखाण एका बिघडलेल्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेलं. पण प्रोग्राम चालत होता. नाकात बोलायचा, 'आंबा' या शब्दाशी त्याचं वैर होतं, तरी रोज सकाळी मथळ्यापासून निधनवार्तांपर्यंत अख्खा पेपर वाचायचा, आणि आप्पा आरामखुर्चीत बसून ऐकायचे. दिवसातला तेवढाच वेळ कोणाच्या मदतीशिवाय जायचा. त्याला ते 'हा' म्हणत. हा आज सर्दट आहे, हा आज बरा बोलला.

मग ती लग्नपत्रिका आली. आप्पांच्या ईमेलवर कोणाच्या तरी लग्नाची सुबक पत्रिका आली, शेजारच्या मुलीने ती उघडून दिली, आणि त्या पत्रिकेच्या पोटात भामट्याचे हुकूम होते. तासाभरात आप्पांच्या शे-दीडशे विद्यार्थ्यांना आप्पांच्या नावाने तशीच पत्रिका गेली. सरांच्या घरात लग्नाचा उरलेला असा एकच माणूस, त्यामुळे सगळ्यांनी योग्य तो निष्कर्ष काढला. दोन दिवस फोन खणखणत होता. काजूवाला विद्यार्थी तर फोनबिन न करता राजापूरहून एसटीने आला, झब्बा घालून, मोठी पितळी समई घेऊन. मेहुण्याने दार उघडलं तर याने त्याला मिठीच मारली. खरा प्रकार कळल्यावर तो बिचारा समई परत न्यायला लागला, पण आप्पांनी राहू दे म्हणून सांगितलं. ठेवल्याने नासत नाही, म्हणाले.

मेहुण्याचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला. गंमत त्याला दिसत नव्हती. बाप आंधळा, आणि त्याच्या नावाने कोणीतरी लिहितंय. दुसऱ्याच आठवड्यात त्याने आपल्या कायद्याचं नवंकोरं कर्नेल आधी आप्पांच्या कॉम्प्युटरवर चढवलं. सकाळी आप्पा खुर्चीत बसले, बटण दाबलं, नाकातला आवाज म्हणाला, "र." आणि गप्प झाला. पुन्हा दाबलं. "र." झालं होतं असं की तो प्रोग्राम मंद यंत्रांच्या काळातला. वेळ वाचावा म्हणून एखादं जोडाक्षर आलं की ते कसं उच्चारायचं याचे हुकूम तो तिथल्या तिथे लिहायचा आणि त्याच पानावरून लगेच पाळायचा. म्हणजे भामटा करतो तेच, फक्त सद्हेतूने. आणि आमच्या गावच्या पेपरातली प्रत्येक बातमी 'रत्नागिरी' या शब्दाने सुरू होते. 'त्न'शी आला की कर्नेल त्याला आडवा करायचं.

मी म्हटलं, एवढंच ना, त्या एका प्रोग्रामला सूट दे. बायकोही तेच म्हणाली, जरा वरच्या पट्टीत. मेहुणा मान खाली घालून उभा. सूट दिली तर पुढची पत्रिका त्याच सुटीतून येईल, हे त्याला दिसत होतं, आणि नाही दिली तर आप्पांची सकाळ गेली, हेही दिसत होतं. त्यात भर म्हणजे हा कायदा जगाच्या मूळ कर्नेलमध्ये घ्यावा हा त्याचा प्रस्तावही याच दगडाला अडला होता. कर्नेलमध्ये आपलं लिखाण आपणच घालायचं नसतं, दुसऱ्यांकडून तपासून घ्यायचं असतं. या प्रथेवर तो एरवी बेहद्द खूश. पण तपासणाऱ्या बाई, कुठल्याशा बर्फाच्या देशातल्या, त्यांनी विचारलं होतं की जे जुने प्रोग्राम चालता चालता स्वतःचे हुकूम लिहितात त्यांचं काय करणार, सगळे मारणार का. याच्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर नसलेला प्रश्न आता आरामखुर्चीत बसला होता.

पण आम्हाला झटका दिला तो आप्पांनी. ते म्हणाले, सूट नको. माझ्यासाठी नियम वाकवायचा नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा बाप-लेकाचं कशावर तरी एकमत झालं होतं, आणि त्यात दोघांचंही नुकसान होतं.

तेव्हा राहिला एकच उपाय. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा पेपर घेऊन आप्पांच्या समोर बसला आणि वाचायला लागला. आता हे वाचन कसं, तर पहिली बातमी कुठल्याशा ठरावाची. मेहुणा दोन ओळी वाचून थांबला, म्हणाला, ठराव लिहिणारे आणि राबवणारे तेच आहेत, हे होणं नाही. आप्पा म्हणाले, तू वाच. पुढच्या बातमीत कुठल्याशा धरणाचं पाणी, आणि आप्पांनी हात वर करून थांबवलं, की हे गणित जुळत नाही, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. जुळत नव्हतं. मग चूक बातमीदाराची की वाचणाऱ्याची यावर वीस मिनिटं. मेहुणा म्हणाला, तुम्ही पहिल्यापासून दुसऱ्याचीच चूक काढता. आप्पा म्हणाले, असते म्हणून काढतो. अर्ध्या गुणाचा विषय पाचव्या दिवशी निघाला. बायको आणि मी डबा द्यायला गेलो होतो, अंगणातच थबकलो. आत खणखणीत आवाज चालले होते: रेघ मारली होती, पेन्सिलीने मारली होती, पेन्सिलीची रेघ ती रेघ नव्हे. बायको घाबरून आत जायला निघाली, मी तिचा हात धरला. म्हटलं, ऐक, तुझ्यामार्फत नाही चाललेलं. ती तिथेच कलमाखाली डबा घेऊन उभी राहिली.

पेपर संपायला चाळीस मिनिटं लागायची, ती दोन तासांवर गेली. निधनवार्तांना सूर्य डोक्यावर यायचा. शेवटी शब्दकोडं. मेहुणा सूत्र वाचायचा, आप्पा शब्द सांगायचे, मेहुणा चौकटीत लिहायचा. तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट, मी समोर चहा पीत होतो. आप्पा एका शब्दाशी अडले, आणि मेहुण्याच्या तोंडून उत्तर निसटलं. आप्पा ताठ झाले. मुख्याध्यापकी आवाजात म्हणाले, "लेखनिकाने उत्तर सांगायचं नसतं." मग माझ्याकडे वळून, मला नियम माहीत नसणार असं धरून, समजावून सांगायला लागले. परीक्षेला अंध मुलगा बसला की त्याला लेखनिक देतात. मुलगा सांगेल, लेखनिक लिहील. पण आप्पा केंद्रप्रमुख असताना त्यांचा कटाक्ष असा की लेखनिक खालच्या इयत्तेतलाच हवा. दहावीच्या मुलाला नववीचा. का, तर लिहिणाऱ्याला उत्तर येताच कामा नये. पेन त्याच्या हातात, डोकं दुसऱ्याचं, कागद एकच. "मग कागदात काळंबेरं येईल कुठून?"

मेहुणा उठला. कोडं हातातच. आपल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आप्पा पुढच्या सूत्राची वाट बघत बसले. मी काही वेळाने सांगितलं की तो गेला, तर म्हणाले, उभा सात राहिलाय, तुम्ही वाचा. मी वाचला. आम्हाला आला नाही.

पुढचे बारा-पंधरा दिवस सकाळचं वाचन आणि भांडण तेवढं चुकलं नाही, बाकी तो खोलीतच. त्याने केलं ते थोडक्यात असं. जुन्या प्रोग्रामचं मूळ लिखाण हाताशी नव्हतंच, म्हणून बाहेरूनच त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. त्याच्या शेजारी दुसरा एक छोटा प्रोग्राम बसवला, अगदी खालच्या इयत्तेतला. त्याला हुकूम पाळता येत नाहीत, काही चालवता येत नाही, फक्त सांगितलेलं लिहिता येतं, तेही तपासून, ठरलेल्या ठिकाणी. पान एकच, पण एकाला ते फक्त लिहिता येतं, दुसऱ्याला फक्त पाळता येतं. कायदा शाबूत, अपवाद शून्य. जगात आणखीही काही जणांनी या वाटेने काम केलं आहे, हे त्याला नंतर कळलं, आणि आपण एकटे नाही याचं त्याला दुःख व्हायच्या ऐवजी बरंच वाटलं. बर्फाच्या देशातल्या बाईंनी चार शंका काढल्या, दोन दुरुस्त्या मागितल्या, आणि प्रस्ताव पुढे सरकवला. त्यांनी विचारलं होतं, हा दुसऱ्या प्रोग्रामचा विचार कुठून आला. मेहुण्याने उत्तरात लिहिलं, वडील शिक्षक होते.

हे त्याने मला सांगितलं. आप्पांना सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण माझ्या पदरच्या वाक्यांचा इतिहास आठवून गप्प बसलो. ते वाक्य ज्याचं त्यानेच बोलावं.

ज्या दिवशी जुना प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा होता त्या दिवशी आम्ही दोघंही गेलो. बायकोने नारळाच्या वड्या केल्या होत्या, एरवीसारख्याच मऊ. आप्पा स्वच्छ सदरा घालून खुर्चीत बसलेले. मेहुणा दाराच्या चौकटीत, हात मागे बांधून, निकालाची वाट बघणाऱ्या मुलासारखा, आणि त्याच्या पायाचा अंगठा एकसारखा फरशीवर चालत होता. आप्पांनी बटण चाचपून दाबलं. नाकातला आवाज म्हणाला, "रत्नागिरी." थांबला नाही. मथळा झाला, ठराव झाला, धरण झालं, क्षितिज, दृष्टी, पर्जन्य, सगळी जोडाक्षरं तो बिनबोभाट ओलांडत गेला. बायकोने माझ्या दंडाला चिमटा काढला. मेहुण्याचा अंगठा थांबला.

आप्पा ऐकत होते. पूर्वी ऐकताना त्यांचं डोकं मागे टेकलेलं असे. आज ते पुढे झुकून बसले होते. एका बातमीत कुठलातरी आकडा आला आणि त्यांचा हात सवयीने वर गेला. आवाज आपला पुढे चालला. हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली आला. अग्रलेख झाला, निधनवार्ता झाल्या, बारा-तेरा जण गेले होते आणि कोणाच्याही वयावर चर्चा झाली नाही. पेपर चाळीस मिनिटांत संपला. बाहेर ऊन अजून कोवळं होतं, आणि अख्खा दिवस समोर पडला होता.

मेहुण्याने घसा साफ केला आणि, मधल्या कोणामार्फत नव्हे, सरळ विचारलं, आप्पा, बरोबर आहे ना, कुठे अडखळला का. आप्पा म्हणाले, नाही, बरोबर आहे, पैकीच्या पैकी. हे शब्द त्यांच्या तोंडून आमच्या घरात कोणी कधी ऐकले नव्हते. माझी बायको डोळे पुसायला पदर शोधायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की तिने पंजाबी ड्रेस घातलाय. मेहुणा काही म्हणणार, तेवढ्यात आप्पांनी कॉम्प्युटरच्या दिशेने तोंड वळवलं, आणि मनात ठेवायचं ते बोलून गेले, "पण हा मेला मधे भांडत नाही."